ख्रिस्ताचे माणूसपण आणि जुन्या धर्मसभांचे वाद

मराठवाड्यात येशू ख्रिस्त देव होता असे म्हटले तर हरकत घेणारी माणसे थोडी. आमचे मुस्लिम शेजारी ईसांना पैगंबर मानतात आणि त्यांच्या देवत्वाचा दावा स्पष्टपणे नाकारतात. पण ती मंडळी सोडली तर जालना, अंबड, पैठण या पट्ट्यात, जिथे माझे बहुतेक आयुष्य गेले, ‘तुमचा येशूही देवच की’ हे वाक्य मी वारकऱ्यांकडून, महानुभावांकडून आणि नोकरीतल्या सहकाऱ्यांकडून इतक्या सहजपणे ऐकले आहे की त्यावर वाद घालण्याचा प्रसंगच येत नाही. अडचण सुरू होते ती पुढच्या वाक्यापाशी. तो पूर्ण माणूस होता, त्याला आपल्यासारखे मन होते, काही गोष्टी त्याला ठाऊक नव्हत्या, त्याला भीती वाटली, त्याची स्वतःची मानवी इच्छा होती, असे म्हणू लागलो की ऐकणारा थबकतो, आणि थबकणाऱ्यांत आमच्या ख्रिस्ती मंडळीतले लोक काही कमी नसतात. वधस्तंभावर त्याला खरोखर वेदना झाल्या की ती आपल्यासाठी केलेली लीला होती, हा प्रश्न बायबल अभ्यासवर्गात नेमाने उपासनेला येणाऱ्या एका प्रौढ गृहस्थांनी विचारलेला आहे.

पहिल्या सात शतकांतले ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचे वाद मी या प्रश्नाच्या अंगाने वाचतो. त्यांची प्रचलित कथा ३२५ सालच्या निकियाच्या धर्मसभेपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते: पुत्र हा निर्माण केलेला असे म्हणणारा आरियस हरला, ख्रिस्ताचे देवत्व मान्य झाले, विषय मिटला. प्रत्यक्षात देवत्वाचा प्रश्न चौथ्या शतकात निकाली निघाल्यावर माणूसपणाचा प्रश्न सोडवायला ख्रिस्तमंडळीला आणखी तीनशे वर्षे लागली. आपल्याकडे हाच उत्तरार्ध सर्वांत कमी शिकवला जातो, आणि आपल्याला गरज आहे ती त्याचीच.

मुळात सगळ्यात जुना वाद देवत्वाचा नव्हताच. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस साखळदंडांत जखडलेल्या अवस्थेत रोमकडे नेला जात होता, आणि वाटेतून त्याने आशिया प्रांतातल्या मंडळ्यांना पत्रे लिहिली. त्यांत त्याचा रोख ज्या शिक्षकांवर आहे ते ख्रिस्ताला देव मानणारेच होते. त्याने देह धारण केल्याचा केवळ भास झाला, दुःख भोगल्याचाही भासच झाला, असे त्यांचे म्हणणे होते. इग्नेशियस उत्तरादाखल एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरतो: तो खरोखर जन्मला, खरोखर जेवला आणि प्याला, पंतय पिलाताच्या वेळेस त्याचा खरोखर छळ झाला, तो खरोखर वधस्तंभावर मेला. आणि मग तो स्वतःकडे बोट दाखवतो. त्याचे दुःख भास असेल तर मी या बेड्यांत कशासाठी आहे आणि श्वापदांच्या तोंडी जाण्याची इच्छा का धरतो? एका रोमी सुभेदाराचे नाव आपल्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या घोषणेत, दर रविवारी का उच्चारले जाते याचे कारण इथे सापडते. कालखंड आणि अधिकारी यांची नोंद करता येईल अशी ती घटना होती, हे त्या नावामुळे पक्के होते.

उलट टोकाचे लोकही होते. येशू हा देवाने निवडलेला, आत्म्याने भरलेला माणूस, एवढेच मानणारे एबियोनी यहुदी ख्रिस्ती होते. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये तेच शिकवणारा थिओडोटस नावाचा बायझँटियमचा चर्मकार होता, ज्याला बिशप व्हिक्टरने मंडळीबाहेर काढले. आणि २६८ साली अंत्युखियाच्या सभेने पदच्युत केलेला समोसाटाचा पौल हाही साधारण याच वाटेवरचा. तिसरी वाट प्राक्सियस आणि साबेलियस यांची होती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच देवाची निरनिराळ्या वेळची रूपे, असे ते मानत. कार्थेजचा तर्तुल्लियन, ज्याच्या जिभेला चांगलीच धार होती, प्राक्सियसबद्दल म्हणतो की त्याने रोममध्ये सैतानाची दोन कामे केली: पवित्र आत्म्याला हाकलून दिले आणि पित्याला वधस्तंभावर खिळले. एक तत्त्व आणि तीन व्यक्ती ही लॅटिन मांडणी याच तर्तुल्लियनने घडवली, हे त्याचे खरे काम.

आता आरियसकडे येऊ. अलेक्झांड्रिया शहरातल्या बौकालिस या मंडळीचा हा वडील, वयस्क, विरक्त आणि लोकांत आदर असलेला पाळक होता. सुमारे ३१८ साली त्याचा आपल्या बिशपाशी, अलेक्झांडरशी, वाद जुंपला. पुत्र हा पित्यापासून आहे, तर पित्याला आरंभ नाही आणि पुत्राला आहे, असे त्याचे म्हणणे: ‘तो नव्हता असे एकदा होते.’ पुत्र सर्व सृष्टीच्या आधीचा, सृष्टी ज्याच्याद्वारे झाली तो, परंतु तोही शून्यातून निर्माण केलेला. आरियसला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्याच्यापुढे शास्त्रवचने होती. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान म्हणते की परमेश्वराने आपल्या कार्याच्या आरंभी मला उत्पन्न केले. कलस्सैकरांस पत्रात ख्रिस्ताला सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ म्हटले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतः म्हणतो की पिता माझ्यापेक्षा थोर आहे. त्याशिवाय शुभवर्तमानांतला येशू थकतो, रडतो, त्याला भूक लागते, आणि शेवटच्या दिवसाची घटका पुत्रालाही ठाऊक नाही असे तो सांगतो. हे सगळे परात्पर, अविकारी देवाला लागू होईल का? आरियसचे उत्तर होते, नाही; म्हणून हे ज्याला लागू होते तो देवाहून कमी असला पाहिजे. ही मते लोकांच्या तोंडी राहावीत म्हणून त्याने खलाशांसाठी, दळणाऱ्यांसाठी आणि वाटसरूंसाठी गाणी रचली, असे त्याच्याच बाजूला झुकलेल्या फिलोस्टॉर्गियस या इतिहासकाराने नोंदवले आहे.

या युक्तिवादाच्या पोटात एक गृहीत लपलेले आहे, आणि पुढचे सगळे समजण्यासाठी ते लक्षात ठेवावे लागते. आरियस आणि त्याचे अनुयायी ख्रिस्तात मानवी आत्मा मानत नव्हते. देवाचा शब्द, म्हणजे लोगोस, देहात आला आणि मनाच्या जागी तोच बसला, असे त्यांचे चित्र होते. मग रडणारा, घाबरणारा, न जाणणारा कोण? लोगोसच, कारण देहात दुसरे कोणी नाही. माणसाचे मन वगळले की माणसाच्या सगळ्या मर्यादा थेट लोगोसच्या माथी येतात, आणि मग त्याला कमी लेखण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

कॉन्स्टंटाइन सम्राटाला सुरुवातीला हे सगळे क्षुल्लक वाटले. अलेक्झांडर आणि आरियस या दोघांना मिळून लिहिलेल्या पत्रात त्याने तसे सांगितलेही आहे. समेट होईना तेव्हा ३२५ साली त्याने निकिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिकला, बिशपांची सभा बोलावली. उपस्थितांची संख्या इतिहासकार बिशप युसेबियस २५० हून अधिक देतो. परंपरेने रूढ झालेला आकडा ३१८, जो अब्राहामाच्या घरच्या लढवय्या दासांच्या संख्येशी जुळतो, आणि तो जुळावा म्हणूनच रूढ झाला असावा. पुत्र ‘पित्याशी एकतत्त्व’ आहे हा शब्द मतांगीकारात आला. शास्त्रात नसलेला हा शब्द घालायला अनेकांना संकोच वाटत होता, कारण समोसाटाच्या पौलाच्या प्रकरणात अंत्युखियाच्या सभेने तोच शब्द नाकारल्याचे सांगितले जात होते. शेवटपर्यंत सही न करणारे लिबियाचे दोन बिशप, थिओनस आणि सेकुंदस, आरियसबरोबर हद्दपार झाले.

निकियाच्या सभेविषयी व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या दोन समजुतींचा इथे निकाल लावून टाकतो. त्या सभेने बायबलची पुस्तके ठरवली नाहीत. तो विषय तिच्यापुढे नव्हताच. आणि येशूला देव करण्यासाठी तिथे मतदान झाले नाही. सुमारे ११२ साली प्लिनी हा रोमी अधिकारी सम्राट त्राजानला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देवाप्रमाणे उद्देशून स्तोत्र गातात. म्हणजे निकियाच्या दोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. आरियसही ख्रिस्ताची उपासना करतच होता. ज्याची उपासना आपण करतो तो नेमका कोण, एवढाच वाद होता. संत निकोलसने भर सभेत आरियसच्या थोबाडीत मारली ही डिसेंबरात हटकून येणारी गोष्ट तर फार उशिराची दंतकथा आहे.

सभेला अलेक्झांडरबरोबर आलेला तरुण डीकन, म्हणजे बिशपाचा साहाय्यक सेवक, अथनेशियस ३२८ साली स्वतः बिशप झाला आणि पुढच्या पंचेचाळीस वर्षांत पाच वेळा हद्दपार झाला. त्याचा युक्तिवाद उद्धारावर उभा आहे: ज्याने घडवले तोच पुन्हा घडवू शकतो, पुत्र निर्मित असेल तर बाप्तिस्म्याच्या वेळी आपण एका निर्मिताचे नाव घेतो आणि उपासनेत निर्मिताला नमन करतो, म्हणजे मूर्तिपूजकांत आणि आपल्यात फरक काय? हा मुद्दा बिनतोड आहे. पण पुत्राला ती घटका ठाऊक नाही या वचनापाशी अथनेशियस जे म्हणतो ते मला कधी पटले नाही. लोगोस म्हणून त्याला ठाऊक होते, देहाच्या नात्याने तो ठाऊक नाही असे म्हणाला, असे तो सांगतो. परंतु देह काही जाणत नाही आणि विसरतही नाही, जाणते ते मन. ख्रिस्ताच्या मानवी मनाचा आधार अथनेशियस आपल्या वादात घेतच नाही. आरियस आणि अथनेशियस दोघे कट्टर प्रतिस्पर्धी, आणि दोघांच्या चित्रातली एक जागा रिकामी.

पुढची पन्नास वर्षे धामधुमीची होती. सम्राट बदलले की मतांगीकार बदलत. ३५९ साली रिमिनीच्या सभेनंतर सारे जग कण्हले आणि आपण आरियन झालो हे पाहून थक्क झाले, असे लॅटिन धर्मपंडित जेरोम लिहितो. कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारातली स्थिती निस्साचा ग्रेगरी वैतागून वर्णन करतो: भाकरीचा भाव विचारला तर विक्रेता सांगतो की पिता थोर आणि पुत्र कनिष्ठ, स्नानगृह तयार आहे का विचारले तर चाकर म्हणतो की पुत्र शून्यातून झाला. त्याच्यासह बसिल आणि नाझियानझसचा ग्रेगरी या कप्पदुकियाच्या धुरीणांनी ‘एक तत्त्व, तीन व्यक्ती’ ही ग्रीक मांडणी सिद्ध केली, ३८० साली सम्राट थिओडोसियसने फर्मान काढले आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने निकियाची बाजू कायम केली. मतभेद हा यापुढे राज्याचा गुन्हाही ठरू लागला, आणि या विजयाची ती किंमत मला आजही खुपते.

त्याच ३८१ च्या सभेत जो माणूस दोषी ठरला तो निकियाचा शत्रू नव्हता. लौदिकियाचा बिशप अपोलिनारिस हा अथनेशियसचा स्नेही, आरियसवाद्यांशी हिरिरीने लढलेला, विद्वान माणूस. रिकामी राहिलेली ती जागा त्याने उघडपणे रिकामीच ठेवली आणि तिचा सिद्धांत बनवला. दोन पूर्ण वस्तू एक होऊ शकत नाहीत. मानवी मन चंचल आणि वासनांना बांधलेले. म्हणून ख्रिस्तात देह मानवी, मन मात्र दैवी लोगोसचे. भक्ताला हे ऐकायला किती गोड वाटते! नाझियानझसच्या ग्रेगरीने एका वाक्यात त्याला उत्तर दिले: जे त्याने धारण केले नाही ते बरे झालेले नाही. आदामाचा अर्धाच भाग पडला असता तर अर्धा धारण करून भागले असते. पण आज्ञा मोडली ती आधी मनाने, मग उपचार जिथे सर्वाधिक हवा तोच भाग वगळून कसे चालेल?

अपोलिनारिस वाचताना मला पैठणच्या परिसरातली एक परंपरा आठवल्याशिवाय राहत नाही. महानुभाव पंथाच्या श्रद्धेनुसार भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव मरण पावला, द्वारावतीस देह ठेवलेल्या चांगदेव राऊळांनी त्या मृत देहात प्रवेश केला, आणि तेच श्रीचक्रधर स्वामी. महानुभाव तत्त्वज्ञान जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि परस्परांहून भिन्न मानते. त्यामुळे अवताराच्या ठायी देह मानवी आणि त्यातला चालक परमेश्वर ही मांडणी तिथे सुसंगत आहे, आणि ती तशी आहे म्हणून तिला कोणी उणे म्हणण्याचे कारण नाही. लीळाचरित्रातले स्वामी चालतात, जेवतात, आजारी पडतात, पण त्यांच्यात देवाखेरीज आणखी एक मानवी जीव आहे का हा प्रश्न तिथे उभा राहत नाही. आमच्या मंडळीतल्या कुटुंबांचे पूर्वज, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवले त्या काळापासून, याच वातावरणातून आले. ख्रिस्ताचे देहधारण त्यांनी आणि त्यांच्या नातवंडांनी याच साच्यात ऐकले तर त्यात नवल नाही. चौथ्या शतकातल्या लौदिकियात अवतारकल्पना नव्हती, तरी अपोलिनारिस त्याच ठिकाणी पोहोचला. देवावरचे प्रेम माणसाला सहजपणे तिथे नेते, असे मला दिसते.

पाचव्या शतकातला वाद मरियेच्या एका पदवीवरून पेटला. ४२८ साली कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झालेल्या नेस्टोरियसने मरियेला ‘देवमाता’ म्हणण्यास आक्षेप घेतला आणि ‘ख्रिस्तमाता’ म्हणावे असे सुचवले. अंत्युखियाच्या परंपरेतला तो. ख्रिस्ताचे माणूसपण देवत्वात विरून जाऊ नये ही त्याची कळकळ होती. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही, असे तो बोलल्याचे त्याच्या विरोधकांनी नोंदवले आहे. रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला पाळणा हलवणाऱ्या आमच्या मुलखात हे वाक्य कोणाच्या गळी उतरले नसते; अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याच्याही उतरले नाही. सिरिलचे म्हणणे असे की जो जन्मला आणि जो मेला तो एकच कर्ता आहे, देवाचा शब्द. देव पुत्र एक आणि माणूस येशू दुसरा असे दोन धरले तर वधस्तंभावर मेला तो नुसता एक चांगला माणूस.

सिद्धांत म्हणून सिरिल बरोबर होता असे मी मानतो, पण त्याची रीत पाहून मान खाली जाते. ४३१ च्या इफिसच्या सभेत अंत्युखियाचे बिशप पोहोचण्याआधीच, २२ जूनला, त्याने कामकाज सुरू करून नेस्टोरियसला पदच्युत केले. नंतर आलेल्यांनी वेगळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत केले. आणि दरबार आपल्या बाजूला वळवण्यासाठी सिरिलने सोने, गालिचे आणि हस्तिदंती आसने वाटली, त्याची यादी उपलब्ध आहे. ‘देव शब्दाचे देहधारी झालेले एकच स्वरूप’ हे त्याचे आवडते वाक्य अथनेशियसचे म्हणून तो उद्धृत करी. ते वास्तविक अपोलिनारिसचे होते, त्याच्या शिष्यांनी अथनेशियसच्या नावावर खपवलेले. ४३३ साली अंत्युखियाच्या योहानाशी समेट झाला आणि ख्रिस्त देवत्वाने पित्याशी एकतत्त्व, माणूसपणाने आपल्याशी एकतत्त्व, हे वाक्य सिरिलने मान्य केले. निकियाचा शब्द दुसऱ्यांदा, आपल्याकडे वळवून, वापरलेला आहे.

सिरिलनंतर त्याच्या पक्षाचे काही लोक त्याच्याहून पुढे गेले. कॉन्स्टँटिनोपलचा वृद्ध मठाधिपती युटिकेस म्हणू लागला की संयोगापूर्वी दोन स्वरूपे होती, संयोगानंतर एकच उरते. ख्रिस्ताचा देह आपल्याशी एकतत्त्व आहे असे म्हणायला त्याची जीभ रेटेना. या विचारसरणीचे वर्णन त्या काळच्या एका लेखकाने समुद्रात पडलेल्या मधाच्या थेंबाने केले आहे. आपल्या संतवाङ्मयात हेच काम पाण्यात विरलेले मीठ करते, आणि तिथे ते ऐक्याचे सर्वोच्च चित्र आहे. म्हणूनच इथे आपल्या कानांनी सावध राहायला हवे, कारण मीठ उरत नाही ही भक्ताच्या दृष्टीने कृतार्थता असली तरी ख्रिस्तातले माणूसपण उरले नाही तर नाझियानझसच्या ग्रेगरीच्या हिशेबाने काहीच बरे झालेले नाही.

४४९ साली इफिसला पुन्हा सभा भरली. तिने युटिकेसला निर्दोष ठरवले, कॉन्स्टँटिनोपलच्या फ्लेवियन बिशपाला पदच्युत केले, आणि तो त्या धक्काबुक्कीनंतर थोड्याच काळात मेला. रोमचा बिशप लिओ याचे पत्र तिथे वाचूच दिले नाही. त्याने त्या सभेला लुटारूंची सभा म्हटले. पुढच्या वर्षी सम्राट थिओडोसियस दुसरा घोड्यावरून पडून मेला, त्याची बहीण पुल्केरिया आणि तिचा पती मार्सियन सत्तेवर आले, आणि ४५१ च्या ऑक्टोबरात कॉन्स्टँटिनोपलच्या समोरच्या किनाऱ्यावर कॅल्सेडन येथे पाचशेहून अधिक बिशप जमले. एका घोड्याचा पाय घसरण्याने सिद्धांताची दिशा बदलली असे कोणी म्हटले तर मी नाही म्हणणार नाही. फक्त घोड्याने मजकूर लिहिला नाही एवढेच म्हणेन.

त्या मजकुरात ख्रिस्त देवत्वात पूर्ण आणि माणूसपणात पूर्ण, बुद्धियुक्त आत्मा व देह असलेला, पापाखेरीज सर्व बाबतीत आपल्यासारखा, असे म्हटले आहे. आणि मग ती दोन स्वरूपे एकाच व्यक्तीत मिसळण्यावाचून, बदलण्यावाचून, विभागण्यावाचून आणि वेगळी होण्यावाचून आहेत असे चार नकार येतात. पहिले दोन युटिकेससाठी, पुढचे दोन नेस्टोरियसच्या नावावर लावलेल्या मतासाठी. ऐक्य कसे घडते हे सभेने सांगितले नाही, कोणत्या चार मार्गांनी ते सांगू नये एवढेच सांगितले. यावर बुद्धिमान लोकांनी पुष्कळ टीका केली आहे; मला मात्र हा संयम त्या सगळ्या गदारोळातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो.

परंतु याच मजकुराने मंडळी फुटली. इजिप्तच्या बिशपांनी कॅल्सेडनमध्येच गयावया केली की सही केली तर घरी गेल्यावर आमचा जीव घेतील. आणि ४५७ साली अलेक्झांड्रियात कॅल्सेडनच्या बाजूच्या प्रोटेरियस बिशपाचा जमावाने खून केला, म्हणजे ती भीती पोकळ नव्हती. कॉप्ट (म्हणजे इजिप्तच्या), सिरियन आणि आर्मेनियन मंडळ्या सिरिलच्या ‘एका स्वरूपा’ला धरून वेगळ्या झाल्या, तर पर्शियातली पूर्वेची मंडळी अंत्युखियाच्या परंपरेवर राहिली. हे दूरचे वाटते, पण नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापारी प्रवाशाने कल्लियाना येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे, आणि हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण असे अनेक अभ्यासक मानतात. पैठणचा आणि तेरचा माल भडोच बंदरात जात असल्याची नोंद त्याच्या काही शतके आधीच्या ग्रीक प्रवासवर्णनात आहेच. त्यावरून मराठवाड्यात तेव्हा ख्रिस्ती होते असा निष्कर्ष काढायला कसलाही पुरावा नाही, पण या वादाच्या एका पक्षाची शाखा सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत आली असावी, हे मला उल्लेखनीय वाटते. आज संभाजीनगर किंवा नांदेडच्या रुग्णालयात केरळच्या ज्या सिस्टर भेटतात त्यांत काही मलंकरा ऑर्थोडॉक्स किंवा याकोबाईट कुटुंबातल्या असतात, त्यांची परंपरा कॅल्सेडन न मानणारी. आणि त्रिशूरची कॅल्डियन सिरियन मंडळी पूर्वेच्या मंडळीची. १९७३ साली पोप पॉल सहावे आणि कॉप्ट पोप शेनूदा तिसरे यांनी, तर १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या मंडळीचे मार दिन्खा चौथे यांनी ख्रिस्ताविषयी संयुक्त निवेदने केली. पंधराशे वर्षे एकमेकांना पाखंडी म्हटल्यावर श्रद्धा एकच असल्याचे आढळले.

शेवटचा वाद सातव्या शतकातला, आणि तो मला सगळ्यांत जवळचा. इजिप्त आणि सिरियातले कॅल्सेडनविरोधी लोक पुन्हा जोडले जावेत म्हणून सम्राट हेराक्लियसने ६३८ साली तडजोड जाहीर केली: स्वरूपे दोन असोत, इच्छा मात्र एकच मानू. पुढे कॉन्स्टन्स दुसरा याने तर ६४८ साली या विषयावर बोलण्यासच बंदी घातली. मॅक्सिमस नावाच्या भिक्षूने ती जुमानली नाही. त्याचा आधार गेथशेमाने बागेतली प्रार्थना: माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. पित्याची आणि पुत्राची दैवी इच्छा एकच, तर मग जिला ‘नको’ म्हटले ती इच्छा कोणाची? ती ख्रिस्ताची मानवी इच्छा, असे मॅक्सिमस म्हणतो. मरण टाळावेसे वाटणे हे देवाने निर्माण केलेल्या स्वभावाचेच लक्षण असून त्यात पाप नाही, आणि त्या भीतीसकट ख्रिस्ताने माणूस म्हणून पित्याला होकार दिला. मानवी इच्छा वगळली तर तो होकार देणारे कोणी राहत नाही आणि बागेतली रात्र अभिनय ठरते. ६६२ साली मॅक्सिमसची जीभ आणि उजवा हात कापण्यात आला आणि त्याच वर्षी हद्दपारीत तो मेला. ६८० ते ६८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या सभेने त्याचेच मत स्वीकारले, एक इच्छा मानल्याबद्दल दिवंगत पोप होनोरियसलाही दोषी ठरवले, मात्र निर्णयपत्रात मॅक्सिमसचा नामोल्लेख केला नाही.

आमच्याकडे उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर दुपारभर प्रवचने होतात, आणि गेथशेमाने आदल्या रात्रीच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत घाईने वाचून पुढे जातात. ती घाई करू नये आणि त्या रात्री निदान अर्धा तास त्या एका प्रार्थनेला द्यावा, असे मी आमच्या पाळकांना सुचवले आहे.